अध्यक्षांच्या घरची पेटी

सुकरामने ऑटो शांतीबाईंच्या फाटकाशी थांबवला आणि मागच्या सीटवरची पुठ्ठ्याची पेटी दोन्ही हातांनी उचलली. पेटी आतून किणकिणली. त्याने कान जवळ नेऊन ती पुन्हा एकदा, अगदी हळूच, हलवून पाहिली. मग त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते पेटी ओसरीवर ठेवेपर्यंत गेलं नाही.

“देवरीच्या स्टँडवर रायपूरच्या बसवाल्यानं देल्ली,” तो म्हणाला. “तुमच्या सुनेनं नाशिकहून पाठवली म्हणते. काच आहे बाई, जपून.”

सुकराम आपल्याला पाहून हसतो याची शांतीबाईंना सवय होती. बोडीटोला या गावात पूर्वी देशी दारूचं सरकारमान्य दुकान होतं. ते बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान झालं, तेव्हा चिठ्ठीवर दोन चित्रं होती: उभी बाटली आणि आडवी बाटली. शांतीबाई कापगते दारोदार फिरल्या आणि आडवी बाटली जिंकली. दुकान गेलं. दुकानापाठोपाठ त्या बायकांची फौज घेऊन जंगलाच्या कडेला गेल्या आणि सुकरामची मोहाच्या दारूची मडकी त्याच्या डोळ्यांसमोर फोडून आल्या. सुकरामने मग ऑटो घेतला. धंदा पहिल्यापेक्षा बरा चालतो असं तो स्वतःच सांगे, पण मडकी तो विसरला नव्हता. त्या दिवशी परत जाताना वाटेत जो भेटला त्याला त्याने सांगितलं की दारूबंदी समितीच्या अध्यक्षीणबाईंकडे पेटी आली आहे आणि पेटी वाजते.

गावाची मंडई तोंडावर आली होती. आमच्याकडे दिवाळीपेक्षा मंडई मोठी. दिवाळी आपल्या घरातली, मंडई पाहुण्यांची. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो, त्या दिवशी बाजार भरतो, ढोलावर दंडार, म्हणजे नाचगाण्याची मंडळी, नाचते, संध्याकाळी नाटकाचा पडदा बांधतात आणि लेकी, जावई, व्याही, व्याह्यांचे शेजारी असे सगळे जेवायला येतात. चूल विझतच नाही. तेव्हा सुनेने मंडईसाठी काही पाठवलं यात नवल नव्हतं.

शांतीबाईंचे यजमान उमरावजी यांनी विळ्याने पेटीची पट्टी कापली. आत कागदाच्या कातरणात एक डझन बाटल्या निजवलेल्या होत्या. काही काळपट लाल, काही पांढऱ्या, काही गुलाबी, आणि दोन जाड मानेच्या, तोंडाला तार बांधलेल्या. उमरावजी पूर्वी बाजाराच्या दिवशी एखादा ग्लास घेत. बायको अध्यक्ष झाल्यावर त्यांनी ते सोडलं. मन वळलं म्हणून नव्हे, तर जेवायला दुसरं घर नव्हतं म्हणून. त्यांनी एक बाटली उजेडाकडे धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. पेटीच्या झाकणावर, बाटल्या कशा ठेवायच्या हे दाखवणारं चित्र होतं.

“हे पाय ना,” ते म्हणाले, “तुयाच समितीचं निशान. आडवी बाटली.”

शांतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाटली काढून घेतली आणि चष्मा शोधला.

तेवढ्यात वीरेंद्रचा फोन आला. वीरेंद्र हा त्यांचा एकुलता एक मुलगा, नाशिकला एका कारखान्यात इंजिनियर. उन्हाळ्यात त्याचं तिकडच्याच चेतनाशी लग्न झालं होतं. चेतना द्राक्षाच्या कंपनीत आहे, एवढंच त्याने घरी सांगितलं होतं, आणि ही मंडळी द्राक्षं खोक्यात भरून परदेशात धाडत असतील अशी शांतीबाईंनी समजूत करून घेतली होती. आता तो एका दमात म्हणाला की पेटीत द्राक्षाचा रस आहे, चेतनाने हौसेने पाठवलाय, पण आम्ही येईपर्यंत उघडू नका, हवा लागली की नासतो.

शांतीबाई तोवर बाटलीच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचत होत्या. त्या सातवी शिकल्या होत्या. दुकान बंद करायचे सगळे अर्ज त्यांनीच लिहिले होते आणि त्या काळात दारूच्या बाटलीवर कुठे काय छापतात हे त्यांना पाठ झालं होतं. इशारा होता. टक्केवारीही होती.

“रस आहे का?” त्या म्हणाल्या. “बरं झालं बाप्पा. पाहुन्याले होईल.”

फोन ठेवल्यावर त्या ओसरीच्या खांबाला टेकून बसून राहिल्या. घरात दारू आली याचा राग येईल असं त्यांना वाटलं होतं. पण आधी आला तो दुसराच राग. मुलगा लहानपणापासून असाच होता. त्याला भांडण सोसत नसे. बापाला एक सांगायचं, आईला दुसरं, आणि दोघांच्या मधून हसत निसटून जायचं. तेव्हा त्या सोडून देत. पण साऱ्या तालुक्याला बाटलीवरचं वाचायला शिकवलेल्या आईला त्याने बाटली रस म्हणून खपवावी, हे मात्र त्यांना झोंबलं.

त्यांनी सरळ सुनेला फोन लावला आणि पेटीत काय आहे ते विचारलं.

चेतनाने सरळच उत्तर दिलं. वाईन आहे, ती म्हणाली. सणासुदीच्या जेवणासाठी आमची कंपनी अशी मिश्र पेटी काढते आणि ती जमवायचं काम माझ्याकडे आहे. लाल मटणाबरोबर, पांढरी मासळीबरोबर, गुलाबी कशाबरोबरही, आणि तारवाल्या दोन बाटल्या पाहुणे जमले की फोडायला. कंपनीची गाडी नागपूरला येत होती म्हणून जमलं. “तुम्ही पाहुण्यांचं एवढं करता असं ऐकलं होतं, म्हणून माझ्या हातची पेटी पाठवली,” ती म्हणाली. “वीरेंद्र म्हणाला, आईला सगळं सांगितलंय, तिची काही हरकत नाही.”

मग शांतीबाईंनी आपण गावात कशाच्या अध्यक्ष आहोत ते सांगितलं. तशी चेतना एकदम बोलू लागली. पेटी उद्याच्या उद्या परत मागवते, वीरेंद्रला आत्ताच जाब विचारते, मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही, असं बरंच. पोरगी रडायच्या बेतात होती. शांतीबाईंना ती तेव्हापासून आवडू लागली.

“आता कोनाले काई विचारू नको,” त्या म्हणाल्या. “मंडईले या. तोवर तुले काई मालूम नाही, मले काई मालूम नाही. त्याच्या तोंडानं तो सांगते का नाई ते पाहू.”

चेतना हसली. सासू आणि सुनेचा तो पहिला करार.

दुसऱ्या दिवशी सुमनबाई मेश्राम आल्या. त्या समितीच्या उपाध्यक्ष. समितीच्या बैठका त्यांच्याच दारापुढच्या बुद्धविहाराच्या ओट्यावर होत. मोहाची मडकी फोडायला पहिली काठी सुमनबाईंनी उचलली होती आणि त्या दिवसापासून दोघींची मैत्री अशी की एकीने कुठे जायचं म्हटलं तर दुसरी चप्पल घालूनच विचारी, कुठं म्हणून. सुमनबाईंनी चहा घेतला, इकडचं तिकडचं काही बोलल्या नाहीत, आणि कप खाली ठेवून म्हणाल्या, “सुकराम सांगून राहिला, तुमच्या घरी पेटी वाजते.”

शांतीबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सुमनबाईंच्या पोटात गोष्ट राहत नसे. त्यांना कळलं की विहारात कळणार, विहारात कळलं की मंडईच्या आधीच वीरेंद्रच्या कानावर जाणार, आणि सगळी गंमत जाणार.

“सुनेनं द्राक्षाचा रस पाठवला,” त्या म्हणाल्या. “मंडईले साऱ्या समितीनं जेवाले या. तवा पिऊ.”

सुमनबाईंनी मान हलवली आणि त्या गेल्या. शांतीबाईंना जरा टोचलं. पण मुलाचं तोंड कसं होईल ते डोळ्यांपुढे आलं आणि टोचणं विरलं.

वीरेंद्र आणि चेतना मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी पोचले. चेतनाने सासूच्या पायांना हात लावला, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनी लगेच दुसरीकडे पाहिलं. चहा होताच शांतीबाईंनी मुलाला सांगितलं की उद्या समितीच्या सगळ्या बायका जेवायला आहेत आणि जेवणाच्या आधी प्रत्येकीला सुनेच्या कंपनीचा रस द्यायचा आहे. साऱ्या गावाला सांगून झालंय.

प्रवासात रस गरम झाला असेल, वीरेंद्र म्हणाला. शांतीबाई म्हणाल्या, तुझ्या बाबांनी बाटल्या रांजणाजवळच्या ओल्या रेतीत ठेवल्या आहेत, गार आहेत. थोड्या वेळाने त्याने सांगितलं की कंपनीने हा माल परत बोलावलाय, आत्ताच मेसेज आला. चेतना भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “मला नाही आला.” दुपारी त्याने शेवटचा उपाय केला: द्राक्षाचा रस बायकांना बाधतो, गुडघे धरतात, असं कुठेतरी वाचल्याचं आईला सांगितलं.

“समितीतल्या कोनाचे गुडघे आता सुटे आहेत?” शांतीबाई म्हणाल्या.

त्याने चेतनाला परसात गाठून विनवलं की तूच आईला काहीतरी सांग. तिने डोळे मोठे करून विचारलं, “का? आईंना तर तू सगळं सांगितलंयस ना?” तरीही आईकडे जाऊन खरं सांगायचं त्याला सुचलं नाही. त्याने बापाची मोटारसायकल काढली आणि तो देवरीला गेला. परत आला तेव्हा हँडलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकत होत्या आणि त्यांत बाजारात मिळाले तेवढे सगळे द्राक्षरसाचे खोके होते.

मंडईच्या दिवशी सकाळी दंडारीचा ढोल वाजू लागला आणि सगळं घर दारात गेलं. वीरेंद्र बाटल्या घेऊन गोठ्यामागे गेला. बेत सोपा होता. वाईन दुधाच्या मोठ्या केटलीत ओतायची, बाटलीत रस भरायचा, झाकण पुन्हा फिरवायचं. लाल, पांढरी, गुलाबी, सगळी एकाच केटलीत जात होती आणि तिचा रंग जांभळट गुलाबी होत चालला होता. झाकणाच्या बाटल्या पटापट झाल्या. तारवाल्या दोन राहिल्या. त्याने पहिलीची तार सोडली, बूच अंगठ्याने दाबलं, आणि ते बंदुकीसारखं सुटलं. गोठ्यातल्या कालवडीने दावं तोडलं. फेस वीरेंद्रच्या केसांतून कॉलरीत उतरला. दारातल्या पाहुण्यांना वाटलं, पोरांनी दिवाळीचा उरलेला फटाका लावला. पण उमरावजी फटाका कुठे वाजला ते पाहायला आले.

त्यांनी केटली पाहिली, बाटल्या पाहिल्या आणि मुलाचं डोकं पाहिलं. बाजूला ठेवलेली दुसरी तारवाली बाटली त्यांनी स्वतः उघडली, बुचावर गमछा धरून, आवाज न होऊ देता. एवढं त्यांना कुठून येत होतं कोण जाणे.

“हे सांडाले कायले पायजे?” ते केटलीकडे बोट करून म्हणाले. “मी पायतो तिचं. तू जा, आंघोळ कर.”

वीरेंद्रला एवढंच हवं होतं. दुसऱ्या कोणी निस्तरायला घेतलं की त्याचा जीव नेहमीच हलका होई. तो गेला, आणि उमरावजींनी केटली उचलून, जिथे कोणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी नेऊन ठेवली. ती जागा म्हणजे स्वयंपाकघराचा कोपरा, पाण्याच्या गुंडांच्या, म्हणजे हंड्यांच्या, मागे. वर ताटली झाकली. संध्याकाळी सगळे नाटकाला गेले की आपण आणि केटली, असा त्यांचा हिशेब होता.

स्वयंपाक सुलोचनाबाईंच्या हातात होता. या उमरावजींच्या थोरल्या बहीण, मंडईला सालेकशाहून येत आणि आल्या की चूल ताब्यात घेत. तलावाची ताजी मासोळी आली होती. अंबाडीची बोंडं भिजवून त्यांच्या आंबट पाण्यात मासोळी शिजवायची ही त्यांची खासियत. बोंडं भिजवायला त्यांनी कोणाला तरी सांगितलं होतं आणि ज्याला सांगितलं तो विसरला होता. सुलोचनाबाईंना सर्दी झाली होती, डोळ्यांत धूर गेला होता आणि बाहेर पंगतीची हाक पडत होती. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, गुंडांमागे झाकलेली केटली दिसली. ताटली उचलली तर आत जांभळट गुलाबी पाणी. बोट बुडवून चाखलं. आंबट लागलं.

अंगणातल्या मांडवात पंगत बसली. एका ओळीत समितीच्या बायका, समोर पुरुष. मंडईत कोणाला नाही म्हणत नाहीत, त्यामुळे सुकरामही बायकोसह आला होता आणि कोपऱ्यात बसून काय होतं ते पाहत होता. भात, वरण, वडे आणि मासोळीचा रस्सा वाढून झाला. शांतीबाईंचा बेत असा होता की रस ओतायच्या आधी बाटली मुलाच्या हातात द्यायची आणि साऱ्यांसमोर विचारायचं, यात काय आहे सांग. पण वडे गरम होते, रश्श्याचा वास सुटला होता, आणि बायकांनी वाट पाहिली नाही. दोन घासांतच सुमनबाईंनी सुलोचनाबाईंना हाक मारून विचारलं की आज रश्श्यात काय घातलं, अशी मासोळी आजवर खाल्ली नाही. पलीकडून कोणीतरी आणखी रस्सा मागितला. मग सगळेच मागू लागले.

अखेर शांतीबाई उठल्या. त्यांनी लाल बाटली चेतनाच्या हाती दिली, वीरेंद्रला पुढे बोलावलं आणि म्हणाल्या, “सांग बरं साऱ्यांले, हे काय आहे?”

त्याची बोबडी वळेल असं त्यांना वाटलं होतं. पण वीरेंद्र न्हाऊन, भांग पाडून आला होता. “द्राक्षाचा रस आहे,” तो म्हणाला, आणि आपणच ग्लास पुढे करून, भरून घेऊन, एका दमात पिऊन टाकला.

शांतीबाईंनी ग्लास घेतला. हुंगला. चाखला. रसच होता. क्षणभर त्यांना आपलंच वाचन चुकलं की काय असं झालं. मुलगा हसत होता, लहानपणी निसटून गेल्यावर हसायचा तसाच, आणि त्यांच्या हातातून सगळं गेलं होतं.

चेतनानेही घोट घेतला होता. तिच्या कपाळाला आठी पडली. तिने दुसरी बाटली उघडली, चाखली, मग तिसरी. सासूशी केलेला करार, मंडई, समिती, सगळं ती विसरली.

“हे आमचं नाही,” ती म्हणाली. “आमच्या बाटलीत रस कसा येईल? आम्ही वाईन भरतो.”

“काय भरता?” सुमनबाईंनी विचारलं.

“वाईन,” चेतना म्हणाली, आणि समजलं नसेल म्हणून आणखी सोपं केलं, “द्राक्षाची दारू.”

शांतीबाई मुलाला म्हणाल्या, “होती ते कुठं गेली?” वीरेंद्रने बापाकडे पाहिलं. उमरावजींना आपल्या ताटात काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं होतं. मग एकदम काय आठवलं कोण जाणे, त्यांनी मान वर केली, रश्श्याच्या वाटीकडे पाहिलं, आणि ते उष्ट्या हाताने स्वयंपाकघराकडे धावले. परत आले ते केटली घेऊन. केटली निम्मी रिकामी होती.

“बाई,” ते बहिणीला म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर कातर झाला होता, “यातलं काय केलं?”

“अंबाडीचं पानी ना?” सुलोचनाबाई पळी घेऊन उभ्या होत्या. “त्याच्यातच तं शिजवली मासोरी. अजून पायजे का?”

पंगतीतले हात जिथल्या तिथे थांबले. समितीच्या बायकांनी आपापल्या ताटांकडे पाहिलं. बहुतेकींची वाटी पुसून रिकामी झाली होती. कोपऱ्यात सुकराम मात्र सावकाश काटा काढत होता.

“मले तं पहिल्या घासालेच वास ओळखीचा लागला,” तो म्हणाला. “म्हटलं, एवढ्या मोठ्या लोकांत आपण कायले बोला. म्हणून गप तीनदा रस्सा घेतला.” मग त्याने हात ताटातून काढला आणि शांतीबाईंकडे पाहिलं. “माया मडक्यातली नाल्यात गेली. तुमची मासोरीत गेली. कायदा एकच आहे ना, बाई?”

शांतीबाई म्हणाल्या, एकच आहे. आणि मग उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. पेटी कशी आली, मुलगा काय म्हणाला, सुनेने खरं कसं सांगितलं, आणि मुलाची फजिती करायची म्हणून आपण पेटी घरात कशी ठेवली. मुलाने गोठ्यामागचं सांगितलं, उमरावजींना गुंडांमागचं सांगावं लागलं. सुलोचनाबाईंनी चार वेळा विचारून घेतलं की त्यात आपला दोष नाही ना.

निवाडा उपाध्यक्षांनी करायचा होता. सुमनबाईंनी हात धुतले, पदराला पुसले.

“तुमाले कधी मालूम झालं, पेटीत काय आहे ते?” त्यांनी विचारलं.

“आली त्याच दिवशी.”

“अन मी विचाराले आली तवा?”

“रस म्हटलं.”

“मले सांगतलं असतं तं मीबी हसली असती,” सुमनबाई म्हणाल्या. “तुमच्या घरी येऊन दोघीनं मिळून त्याची फजिती केली असती. मले काऊन खोटं सांगतलं?”

तुमच्या पोटात गोष्ट राहत नाही म्हणून, हे चारचौघांत सांगण्याजोगं नव्हतं, आणि आता ते शांतीबाईंना खरंही वाटेना. मुलगा निसटतो म्हणून आपण चिडलो आणि आपणही तसंच निसटलो, एवढं त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, “चुकलं मायं.”

समितीचा नियम ठरलेला होता. गावात जो दारू आणेल त्याने तलावाच्या पाळीवरची बेशरम उपटायची. बेशरम म्हणजे ते जांभळ्या फुलांचं झुडूप. कितीही तोडा, पाण्याच्या कडेला पुन्हा दाटून येतं. सुमनबाईंनी वीरेंद्रला ती शिक्षा दिली, त्याला मदत केली म्हणून उमरावजींना दिली, आणि ठेवून घेतली व खोटं बोलल्या म्हणून अध्यक्षांनाही दिली. सुनेला माहीत नव्हतं, ती सुटली. केटलीतली उरलेली दारू त्यांनी साऱ्यांसमोर मांडवाबाहेर ओतायला लावली. ओतायचं काम उमरावजींकडे आलं. त्यांनी तोंड फिरवून ओतलं.

रश्श्याचं काय करायचं, असा प्रश्न कोणीतरी काढला. सुमनबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. त्या म्हणाल्या, एवढा वेळ आधणात उकळल्यावर आता ती मासोळीच आहे, अन्न टाकू नये. सुलोचनाबाईंनी पळी भरली.

मंडई आटोपल्यावर दुसऱ्या सकाळी कापगते कुटुंब तलावाच्या पाळीवर उभं होतं. पाळ लांब होती आणि बेशरम भरपूर. उमरावजी दोन झुडपं उपटून, कंबर धरून आंब्याच्या सावलीत गेले आणि तिथून सूचना देऊ लागले. चेतना शिक्षा नसताना आली होती. नाशिकहून आणलेले नवे बूट चिखलात बुडवून ती सासूच्या बाजूला ओढत होती. सुमनबाई देखरेखीला छत्री घेऊन आल्या. थोडा वेळ त्या छत्रीखाली उभ्या राहिल्या, मग छत्री मिटून त्यांनी पदर खोचला आणि शांतीबाईंनी धरलेलंच झुडूप दुसऱ्या बाजूने धरलं. दोघींनी मिळून ओढलं तेव्हा ते मुळासकट आलं आणि दोघी मागे बसल्या. पुढचं झुडूपही दोघींनी मिळूनच धरलं.

चेतनाने वीरेंद्रला सांगितलं की आज इथेच काय ते सगळं सांगून टाक, परत नाशिकला जाताना एकही थाप बरोबर नको. वीरेंद्रचे तळहात सोलले होते आणि निसटायला एका बाजूला पाणी, एका बाजूला आई होती. त्याने थोडा विचार केला.

“आणखी एकच आहे,” तो म्हणाला. “तुझ्या घरी मी सांगितलंय की माझी आई फार गरीब स्वभावाची आहे. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.”

शांतीबाई हातात चिखलाने भरलेलं मूळ घेऊन ताठ उभ्या राहिल्या. सुमनबाईंना एवढं हसू आलं की त्यांना पाळीवर बसावं लागलं. सावलीतून उमरावजी विचारत होते, काय झालं, काय म्हणाला तो, पण त्यांना सांगायला कोणाला सवड नव्हती.

“तिचे माय-बाप केव्हा येऊन राहिले इकडं?” शांतीबाईंनी मुलाला विचारलं.

“उन्हाळ्यात,” तो म्हणाला.

“येऊ दे,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या झुडपाकडे वळल्या.